रोज चार बोटं

आमच्या कारखान्याची कर्मचाऱ्यांची यादी मी करते आणि मीच सांभाळते. तिच्यात प्रत्येक नावापुढे 'काम' असा एक रकाना आहे. शिलाई, घडी, गेट, चहा, असं काहीतरी तिथे लिहिलेलं असतं. एकाच माणसापुढे तो रकाना शेवटपर्यंत रिकामा राहिला. मला रिकामा रकाना सहन होत नाही. म्हणून एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "मामा, तुमच्या नावापुढे काय लिहू?"

कानामागचा खडू काढून त्याचं टोक बघत ते म्हणाले, "सरकवणं लिवा की."

मी लिहिलं नाही. असं काय काम असतं?

आमचा कारखाना टॉवेलचा, अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत. मामा पूर्वी जॉबर होते, म्हणजे माग अडला की दुरुस्त करणारे. जुने माग भंगारात गेले आणि दुरुस्त करायला काही उरलं नाही. तेव्हाच त्यांनी घरी जायला हवं होतं. मी आल्या आल्या थोरल्या मालकांना तसं सुचवलंही. थोरले मालक हिशेबी माणूस. पण म्हणाले, "त्याला राहू द्या. कारखान्याला त्याची सवय आहे."

कारखान्यात मामा अनवाणी असायचे. एप्रिलमध्ये पत्रा तापून खालची फरशी भाजायची, तरी अनवाणीच. "पायात काय घातलं की पाय बहिरा होतो," म्हणायचे. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन जेवायला बसायचे, ते रोज वेगळ्या जागी. ज्या दिवशी जी बाई रजेवर असेल तिच्या स्टुलावर. भाकरी संपली तरी उठायचे नाहीत. डोळे मिटून हात हलवत राहायचे, समोर टॉवेल नसताना टॉवेलची घडी घालत. घडी खात्यातल्या बायकांनी याचा एक नियमच करून टाकला होता की मामा जिच्या जागेवर बसले तिची जागा हलते. रजेवरच्या बाईचा दुपारी फोन यायचा, "मॅडम, माझ्या स्टुलावर मामा बसलेत का बघा की जरा." एक जण तर अंगात ताप घेऊन कामावर आली होती, स्टूल मोकळं राहू नये म्हणून.

मी असल्या गोष्टींवर हसायचे. माझा स्वतःचा अनुभव मात्र मी कुणाला सांगितलेला नव्हता.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सकाळी लवकर येऊन मी माझी काचेची केबिन उघडली, तर मामा माझ्या खुर्चीत. डोळे मिटलेले. बोटं की-बोर्डच्या वर अधांतरी चालत होती, एकाही बटणाला न लागता. मान डावीकडे कललेली आणि डावा खांदा वर उचललेला, दोन्हींच्या मध्ये फोन धरावा तसा. फोन नव्हता. मला कळायला क्षणभर लागला की मी स्वतःकडेच बघते आहे. वाक्य संपलं की मी ओठ आत घेते, ही माझी सवय मला तेव्हापर्यंत माहीत नव्हती. त्यांनी ओठ आत घेतले.

"मामा, काय चाललंय?"

"थांबा मॅडम," डोळे न उघडता ते म्हणाले, "अजून फोन चालू हाय."

मी थांबले. का थांबले ते मला आजही सांगता येणार नाही. थोड्या वेळानं त्यांनी नसलेला फोन खाली ठेवला, उठले, आणि विचारलं, "डावा खांदा दुखतो का वो तुमचा?"

दुखत होता. दोन वर्षं दुखत होता. मी नाही म्हणाले. त्यानंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की टेबलावरचा फोन उजव्या हाताला आहे आणि खांदा दुखायचा थांबलाय. मी श्रेय तेलाला दिलं.

मग धाकटे मालक कारभार बघू लागले. त्यांनी ठरवलं की घडी खात्यात कडा शिवायचं नवं यंत्र बसवायचं. यंत्राची जागा उत्तरेच्या भिंतीशी, खिडक्यांखाली. तिथे चौदा बायकांची चौदा टेबलं होती. टॉवेल तपासायचा, निघालेले दोरे कापायचे, घडी घालायची, असं त्यांचं काम. ही सगळी टेबलं पंधरा फूट अलीकडे, दक्षिणेच्या बाजूला आणायची होती. बदल कसा हाताळावा हे शिकवायला पुण्याहून एक सल्लागार आले. त्यांनी पडद्यावर बाण दाखवले. मी एका रविवारचं नियोजन केलं. हमाल किती, वायरमन किती, कोणतं टेबल कितव्या क्रमांकानं, कोणाचा चहा कधी. यादी दोन पानांची झाली. मला ती अजूनही आवडते.

बैठकीच्या दाराशी मामा उभे होते. कुणी विचारलं नव्हतं तरी बोलले, "एका रविवारात सामान जातंय, मॅडम. बाया कवा जायच्या?"

"बाया सोमवारी येतील की आठ वाजता," धाकटे मालक हसले.

"येतील. पर जातील कुटं?"

सल्लागारांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. यंत्र यायला अजून तीन महिने होते. मामा म्हणाले, मला दहा आठवडे द्या, टेबलं मी नेतो, काम एक दिवस बंद पडणार नाही. रोज चार बोटं. मी तिथेच हिशेब केला. चार बोटं म्हणजे तीन इंच. आठवड्याचे सहा दिवस, दहा आठवडे, साठ वेळा. बरोबर पंधरा फूट. हिशेब जुळला की मी विरोध करत नाही. धाकट्या मालकांनी खांदे उडवले. माझी रविवारची यादी मी फायलीत तयार ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सातला गेले. हॉल रिकामा होता, पूर्वेच्या दारातून ऊन सरळ आत आलेलं. मामा दारातून डोळे मिटून चालत येत होते. पावलं लहान, एक हात पुढे, आणि तोंडानं मोजणं चाललेलं. "ओकटी, रेंडू, मूडू..." मामांचं गाव कुर्डुवाडीकडचं, घरात मराठी. तेलुगू मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सतराव्या पावलाला ते वळले, ओळीतल्या शेवटच्या टेबलाच्या कडेला हात टेकवला, स्टुलावर बसले आणि बारीक, कोरडं खोकले. ते खोकणं मी रोज ऐकत होते. ते अक्काचं होतं.

अक्का म्हणजे घडी खात्यातली सगळ्यांत जुनी बाई, तेलुगू विणकरांच्या घरातली. सगळा हॉल तिला अक्काच म्हणायचा. ती अजून घरून निघालीही नव्हती, आणि तिच्या जागेवर तिचं खोकणं बसलेलं होतं. मी केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

टेबलं निघाली. रोज सकाळी मामा प्रत्येक टेबलाच्या एका पायाशी खडूची बारीक रेघ ओढायचे, टेबल चार बोटं पुढे घ्यायचे आणि मग दिवसभर खांबाला टेकून बायकांचे हात बघायचे. कधीकधी दुसऱ्या दिवशी दोन बोटं मागे घ्यायचे. पहिल्यांदा मी चिडले.

"मागे कशाला? आपल्याला तिकडे जायचंय ना?"

"कालचं पचलं न्हाय मॅडम."

"कशावरून?"

"बसायच्या आधी तिघींनी टेबलाला हात लावून बघितला. हात लावल्याबिगर बसल्या म्हंजे पचलं."

त्यांचं सगळं शास्त्र एवढंच होतं. थोडं हलवायचं, बघायचं, नाही मानवलं तर मागे यायचं, आणि उद्याचं उद्या ठरवायचं. "पायाला सांगितलंय," ते म्हणायचे, "डोक्याला न्हाय अजून."

बायकांना काहीतरी जाणवत होतं. पण काय ते त्यांना सांगता येत नव्हतं. एकीनं तक्रार केली की साडेदहाचं ऊन पूर्वी हातावर यायचं, ते आता पाठीवर येतंय. सूर्य चुकतोय का? दुसरी म्हणाली, पंख्याचा वारा वळलाय. माठाकडे जाणारीला माठ जवळ आल्यासारखा वाटायचा आणि ती पाणी पिऊन झाल्यावर उगाच मागे वळून बघायची. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी खिडकीला लिंबू-मिरची बांधली. मी ती काढायला लावली. दुसऱ्या दिवशी दोन होत्या.

गंमत अशी की मामांनी लपवलं काहीच नव्हतं. त्यांना एकीनं तोंडावर विचारलं, "ओ मामा, ही भिंत लांब चाललीया की काय वो?"

"भिंत न्हाय. तूच चाललीयास," मामा म्हणाले.

"मी तर हितंच हाय की बसून!"

"व्हय. बसूनच चाललीयास."

सगळ्या हसल्या. अक्का सोडून. अक्का हातातल्या टॉवेलवर बोटं फिरवत, मान किंचित वर धरून, कुणाकडेच न बघता बसली होती. ती नेहमी तशीच बसायची. मला वाटायचं, स्वभाव.

सहा आठवडे झाले तेव्हा मी हिशेब केला. नऊ फूट व्हायला हवे होते. मागे घेतलेली बोटं वजा जाऊन सहाच झाले होते. त्याच शनिवारी धाकट्या मालकांचा फोन आला की यंत्र ठरल्याच्या आधी निघालंय. मामा बहिणीकडे वेळापूरला गेले होते, मंगळवारी येणार होते. मी रविवारी चार हमाल बोलावले आणि चौदा टेबलं तीन फूट पुढे घेतली. नुसतं राहिलेलं अंतर भरून काढलं, ठरल्यापेक्षा एक इंचही जास्त नाही. मामांची पद्धत मी मोडत नव्हते, वेळेवर आणत होते. घरी जाऊन मी यादीवर खूण केली आणि छान झोपले.

सोमवारी आठला भोंगा झाला. बायका गप्पा मारत आत आल्या, आपापल्या ठिकाणी वळल्या, आणि चौदाही जणींनी एकाच वेळी हात पुढे केला.

टेबल नव्हतं तिथे. चौदा हात हवेत राहिले. मी केबिनच्या दारात उभी होते, हातात चहाचा कप. गप्पा अर्ध्या शब्दावर तुटल्या. भर उजेडात त्या सगळ्या ओळीनं, हात पुढे करून, नसलेल्या टेबलांच्या कडेला बोटं टेकवून उभ्या होत्या, आणि हलत नव्हत्या. मग एकेकीनं डोळे खाली केले, टेबल कुठे गेलंय ते बघितलं, आणि पाऊल उचललं.

तेरा जणींनी बघितलं. अक्कानं बघितलं नाही. ती तशीच एक पाऊल पुढे गेली, मग बाजूला. तिचं टेबल ओळीतलं शेवटचं. त्याच्या पलीकडे, पश्चिमेच्या भिंतीशी, गठ्ठे बांधायचं प्रेस. टॉवेलांची थप्पी खाली ठेवायची आणि वरून लोखंडी पाट दाबत आणायचा, असं ते यंत्र. शनिवारपर्यंत अक्काचं टेबल त्याच्या आड होतं. आता मध्ये काही नव्हतं. तिचा हात प्रेसमधल्या थप्पीला लागला. कमरेएवढी उंची, टॉवेलांची चळत, तोच मऊपणा. तिच्या चेहऱ्यावर आपली जागा सापडल्याचं समाधान आलं. तिनं सवयीनं वरचा टॉवेल चाचपायला घेतला. दोरे शोधायला लागली. आणि वरून पाट येत होता.

प्रेसवरच्या माणसाचं लक्ष बायकांकडे होतं. सगळ्यांचंच होतं. ओरडलं कोण ते कळलं नाही. लाल बटण दाबलं गेलं आणि पाट थांबला. पाटाखाली अक्काची बोटं अजून टॉवेलवर फिरत होती. पाटात आणि तिच्या हातात किती अंतर राहिलं होतं ते मी मोजलं नाही. मी सगळं मोजते. ते मोजलं नाही, कारण मला उत्तर माहीत होतं.

तिला दिसत नव्हतं. तीन वर्षांपासून जवळजवळ काहीच नाही. हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी लिवलं असतं की," एक जण म्हणाली.

खरं होतं. मी लिहिलं असतं. अक्काच्या घरी तिच्याच पगारावर दोघं होती, अंथरुणावरचा नवरा आणि ती. संध्याकाळी मी तपासणीचं रजिस्टर काढलं. गेल्या तीन वर्षांत सर्वांत कमी चुका अक्काच्या नावावर होत्या. बाकीच्या डोळ्यांनी बघत होत्या. ती बोटांनी बघत होती.

मंगळवारी मामा आले. दारातच थांबले. फरशीवर पाय ठेवला आणि लगेच उचलला, निखाऱ्यावर पडल्यासारखा. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. ते सरळ माझ्या केबिनमध्ये आले.

"डोक्याला सांगितलंत व्हय, मॅडम."

मामांनी माझ्या टेबलावरून एक नवा खडू घेतला आणि बाहेर गेले. दुपारपर्यंत चौदा टेबलं शनिवारच्या रेघांवर परत आली. प्रेसभोवती मी त्याच दिवशी लोखंडी कठडा बसवून घेतला. अहवाल लिहायचा होता. 'कारण' या रकान्यासमोर मी बराच वेळ बसले. अक्काचे डोळे लिहिले असते तर चाललं असतं, खोटंही ठरलं नसतं. मी लिहिलं, 'टेबलं न सांगता हलवली.' आणि 'जबाबदार' समोर माझं नाव. धाकटे मालक आठवडाभर माझ्याशी तुटक बोलले. यंत्र ताडपत्रीखाली महिनाभर पडून राहिलं.

शेवटच्या दिवशी चौदाही टेबलं दक्षिणेला पोचली. मामा हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि टाळी वाजवून म्हणाले, "झालं. आता बघा."

बायकांनी मान वर केली. खिडक्या समोर होत्या, लांब. आपण कुठे बसलोय हे त्यांना तेव्हा दिसलं. एकदम दिसलं. एकीच्या हातून कातर पडली, एक जण तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. पंधरा फूट त्या आल्या होत्या आणि कुणालाही एक पाऊल टाकल्याचं आठवत नव्हतं. अक्का तेवढी हसली. "मला तर रोज कळत होतं," म्हणाली, "टेबलच सांगायचं की वो."

त्यानंतर वर्षभरात मामा गावी गेले आणि तिथेच वारले. खबर आली त्या दिवशी मी त्यांच्या नावावर रेघ मारली आणि 'काम' या रकान्यात लिहिलं, सरकवणं.

त्याला दोन वर्षं झाली. या महिन्यात धाकट्या मालकांनी पुन्हा बोलावलं. कॅमेऱ्यानं टॉवेल तपासणारं यंत्र येतंय. चौदातल्या सहा बायका पुरतील. बाकीच्या आठ नावांची यादी शुक्रवारपर्यंत द्या.

मी टेबलाशी बसले आणि वय, पगार, उत्पादन असे रकाने आखले. पहिलं नाव आपोआप आलं. अक्का. लिहून मान वर केली तर काचेपलीकडे अक्का बसलेली, अगदी समोर, तोंड माझ्याकडे. तिची बोटं टॉवेलवर चालताना दिसत होती.

मग मला प्रश्न पडला की मला ती दिसते कशी? माझं टेबल भिंतीकडे तोंड करून होतं. पहिल्यापासून. याद्या भिंतीवर लावते मी. बघितलं तर याद्या डाव्या भिंतीवर होत्या. उजेड बरा पडतो म्हणून त्या मीच तिकडे हलवल्याचं आठवलं. हॉलकडे माझी पाठ असायची, आणि आता तोंड होतं. हे कधी झालं ते मला सांगता येईना.

मी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली वाकले. फरशीवर खडूच्या रेघा होत्या. एका पायापासून सुरू होऊन कमानीसारख्या वळत गेलेल्या, एकीपुढे एक, चार बोटांच्या अंतरानं. भिंतीजवळच्या अगदी पुसट, पुढच्या जरा ठळक. शेवटची रेघ पायाच्या पुढे होती, मोकळ्या फरशीवर, ताजी पांढरी. टेबल अजून तिथे पोचलं नव्हतं.

झाडणाऱ्या मावशींना बोलावलं. "मावशी, इथे फडकं मारत नाही का तुम्ही?"

"मारते की मॅडम. खालपर्यंत न्हाय पोचत हात, पर ही म्होरली रेघ रोज पुसते मी."

"रोज?"

"रोज. दोन वर्सं झाली."

त्या गेल्यावर मी आठ नावांचा कागद फाडला. मालकांना लिहून दिलं की यंत्र येऊ दे. ते अक्काच्या शेजारी ठेवा. तेच टॉवेल आधी तिच्या बोटांखालून जाऊ देत, मग कॅमेऱ्याखालून. कोणाला काय सापडतं ते रोज लिहीन. नाही मानवलं तर मागे येऊ. मला दहा आठवडे द्या. तोपर्यंत नावं देणार नाही. एखादं नाव हवंच असेल तर पहिलं माझं लिहा. अजून उत्तर आलेलं नाही.

मग उठले आणि टेबल रेघेवर सरकवलं. चार बोटंच. फारसा जोर लागला नाही.

आज सकाळी सगळ्यांच्या आधी आले. पायापुढे चार बोटांवर नवी रेघ होती. आठ वाजता बायका आल्या. अक्का सतरा पावलं चालत आली, हात न लावता बसली, बारीक खोकली. तिच्या बोटांना पांढरं लागलेलं होतं. पण घडी खात्यात सगळ्यांच्याच बोटांना पांढरं असतं, तंतूंचं. मी विचारलं नाही.